सायकल हजारांची, गुडघा लाखमोलाचा!

रविवारी सकाळी घाटमाथ्यावरच्या टपरीवर सायकलवाल्यांच्या गप्पा रंगतात. गिअर, टायर, ब्रेक, सीट... ऐकणाऱ्याला वेड वाटावे अशा या गप्पा. पण याच गप्पांनी एकाचा गुडघा वाचवला आणि दुसऱ्याचा कदाचित जीव!

रविवारची सकाळ. वेळ साडेसातची. पुण्याहून कोंढव्यामार्गे सासवडला निघालात की वाटेत बोपदेव घाट लागतो. घाट चढून माथ्यावर आलात की चहाच्या टपऱ्या दिसतात. त्यातल्या एका टपरीशेजारच्या कठड्याला दहा-बारा सायकली टेकवून ठेवलेल्या असतात. घामाने निथळणारी, डोक्यावर हेल्मेट अडकवलेली माणसे हातात चहाचा ग्लास धरून तावातावाने बोलत असतात. यांच्यात बँकेतले अधिकारी असतात, शाळेतल्या बाई असतात, कॉलेजची पोरे असतात आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही असतात.

"अठ्ठावीसचे टायर टाकले. पंचविसापेक्षा पळतात राव!"

"छे! बारीक टायरच पळणार."

"माझी तर परवा ऐन चढात चेन उतरली."

"मी चाके बदलली. नुसत्या चाकांत चारशे ग्रॅम वजन कमी झाले."

यावर कोपऱ्यातून आवाज येतो, "चारशे ग्रॅम? अरे, त्यापेक्षा रोजचा वडापाव बंद कर. फुकटात उतरतील!"

हे अण्णा. खडकीच्या कारखान्यात नोकरी केली आणि हडपसरहून रोज सायकलने येऊन-जाऊन केली. तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत दोनदा उतरले. नंबर आला नाही, पण बोरघाट मात्र दोन्ही वेळा न उतरता चढले, हे ते आजही अभिमानाने सांगतात. या शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याकडचा चढ जो सर्वांत आधी पार करतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आमच्या टपरीवरचे राजे मात्र अण्णाच.

या गप्पा मी आज मजेने सांगतो आहे. पण एक वेळ अशी आली होती की, मी सायकल कायमची सोडणार होतो.

बाल्कनीतली सायकल

त्याचे असे झाले. पंचेचाळिशीत रक्तातली साखर थोडी वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. मला लहानपण आठवले. तासावर भाड्याने आणलेली सायकल, नळीतून पाय घालून मारलेले हाफ पॅडल, फुटलेली ढोपरे. ठरवले, सायकलच घ्यायची. चांगली बेचाळीस हजारांची, वाकड्या हँडलची, भरपूर गिअरची सायकल घरी आणली. बायको म्हणाली, "एवढ्या पैशांत सेकंडहँड स्कूटर आली असती."

पहिले दोन महिने झकास गेले. तिसऱ्या महिन्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले. आधी फक्त चढावर, मग सपाटीवर, मग जिना उतरतानाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. दुखणे थांबायचे, पुन्हा सायकलवर बसलो की आठवड्याभरात परत यायचे. अखेर सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळू लागले. बायको काही बोलली नाही. पण तिचे ते न बोलणेच जास्त लागत होते.

एका मित्राने आग्रह केला, "विकायच्या आधी एकदा अण्णांना दाखव." सायकल गाडीत टाकून मी त्या टपरीवर गेलो.

"सीट एवढी खाली का?"

अण्णांनी सायकलची किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही. मला कठड्याला धरून सीटवर बसायला सांगितले. "आता टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल पार खाली न्या."

मी तसे केले. माझा गुडघा चांगलाच वाकलेला होता.

"साहेब, सीट एवढी खाली का ठेवलीत?"

"म्हणजे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात," मी म्हणालो.

सगळे हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तिथंच तर सगळ्यांची चूक होते. थांबताना सीटवर बसून राहायचं नसतं. पुढे सरकून नळीवर उभं राहायचं. सीटची उंची पाय टेकण्यासाठी नाही, पॅडल मारण्यासाठी असते."

त्यांची पद्धत अगदी सोपी आहे आणि वाचकहो, ती तुम्ही आज घरीच करून पाहू शकता. सीटवर सरळ बसा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली न्या. अशा वेळी पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवड्याचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. तेवढाच वाक हवा. सीट फार खाली असली तर प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडतो, वाटीवर दाब येतो आणि गुडघा पुढून दुखतो. सीट फार वर असली तर पाय ताणला जातो, कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखू लागते.

माझी सीट जवळजवळ दोन इंच खाली होती. ताशी वीस किलोमीटरच्या हिशेबाने जाणारा माणूस तासाभरात चार-पाच हजार वेळा पॅडल फिरवतो. चार-पाच हजार वेळा चुकीचा वाक! गुडघ्याने तक्रार केली नसती तरच नवल.

आमच्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मात्र बजावले, "सीट वर केली म्हणून उद्याच घाट चढायला जाऊ नका. दुखऱ्या गुडघ्याला आधी मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम द्या. दुखणं राहिलंच तर पुन्हा डॉक्टरांकडे जा." त्यांचे ऐकले म्हणून बरे. गुडघा पूर्ववत व्हायला दीड महिना लागला.

त्याच वेळी माझी आणखी एक हौस उतरली. बसायला त्रास नको म्हणून मी सीटवर जाडजूड मऊ कव्हर चढवले होते. ताईंनी ते काढायला लावले. आपले वजन बैठकीच्या दोन हाडांवर पेलले गेले पाहिजे. फार मऊ गादीत ही हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येऊन मुंग्या येतात. त्यापेक्षा बेताची टणक, आपल्या हाडांच्या रुंदीची सीट आणि गादी शिवलेली सायकलिंगची चड्डी बरी. बायकांच्या बैठकीची हाडे सहसा जास्त रुंद असतात. म्हणून नवऱ्याच्या किंवा भावाच्या सायकलवर बसून "मला सायकल जमतच नाही" म्हणणाऱ्या कित्येक जणींचा दोष नसतो, दोष सीटचा असतो.

गिअर म्हणजे नेमके काय?

माझी दुसरी चूक गिअरची होती. जड गिअरवर दात-ओठ खाऊन पॅडल मारले की जास्त व्यायाम होतो, अशी माझी समजूत. अण्णा म्हणाले, "तुम्ही सायकल चालवत नाही साहेब, जिना चढताय. तोही पाठीवर पोतं घेऊन."

गिअरचे गणित समजले की अर्धे काम होते. पॅडलची एक पूर्ण फेरी झाली की सायकल किती पुढे जाते, एवढेच ते गणित. आपल्या वडिलांची काळी, दांड्याची सायकल घ्या. पुढच्या चक्रीला साधारण ४४ दाते, मागच्या चक्रीला १८. म्हणजे एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीला हे झकास. चढ आला की मात्र उतरून ढकलायचे, कारण दुसरा गिअरच नाही.

आता शर्यतीच्या धर्तीची नवी सायकल पाहा. पुढे दोन चक्र्या, बहुधा ५० आणि ३४ दात्यांच्या. मागे ११ दात्यांपासून ३२ दात्यांपर्यंतच्या चक्र्यांची उतरंड. पुढे ३४ आणि मागे ३२ लावले तर एका फेरीत सायकल जेमतेम सव्वादोन मीटर सरकते. पण पाय हलका चालतो आणि घाट चढवतो. पुढे ५० आणि मागे ११ लावले तर एका फेरीत सुमारे साडेनऊ मीटर! हा गिअर उतारासाठी आणि तयारीच्या गड्यांसाठी. मी पठ्ठ्या जवळपास तोच लावून सिंहगड रस्त्याने हिंडत होतो.

मग कोणता गिअर लावायचा? पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या सहज मारतील तो. घड्याळ लावून पंधरा सेकंद उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. वीस-बावीस आले की ठीक. सुरुवातीला सत्तर फेऱ्या झाल्या तरी चालेल, पण पन्नास नको. हलक्या गिअरवर दम लागतो, जड गिअरवर गुडघे झिजतात. दम दोन मिनिटांत परत येतो, गुडघा येत नाही. आणि चढ लागल्यावर गिअर बदलू नका, लागायच्या आधी बदला. चेनवर पूर्ण ताण असताना गिअर टाकला की ती कुरकुरते, कधी उतरते. "ऐन चढात चेन उतरली" या तक्रारीचे मूळ बहुधा हेच असते.

टायरचा वादही इथेच मिटवून टाकतो. टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक तितका वेग जास्त, असे पूर्वी सगळेच मानत. पण आपले रस्ते काही काचेसारखे नाहीत. कडक टायर प्रत्येक खड्ड्यावर उडतो आणि त्या उडण्यात ताकद वाया जाते. थोडा रुंद टायर बेताच्या हवेवर खडबडीतपणा गिळतो. म्हणून आता शर्यतवालेही २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरकडे वळले आहेत. मनगटे आणि पाठ वाचते, हा फायदा वेगळाच.

बिनब्रेकची सायकल

एका रविवारी मात्र टपरीवरचे हसणे थांबले.

आमच्यात इंजिनिअरिंगला शिकणारा एक मुलगा येऊ लागला होता. त्या दिवशी तो नवी सायकल घेऊन आला. देखणी, हलकी, एकही वायर नसलेली. गिअर नाही, फ्रीव्हील नाही. म्हणजे चाक फिरते तोवर पॅडल फिरणारच. पाय थांबवायची सोय नाही. आणि ब्रेकही नाही! होता तो त्याने काढून टाकला होता. "ही ट्रॅकची सायकल आहे," तो म्हणाला. "परदेशात मुलं शहरातूनसुद्धा अशीच चालवतात. पायानं उलटा जोर दिला की थांबते." घाट तो दुसऱ्याच्या गाडीतून चढला होता. आता उतरायचा बेत होता सायकलवरून.

अण्णांनी चहा खाली ठेवला. "ट्रॅकवर ब्रेक का नसतो, सांग बरं?"

"वजन कमी व्हावं म्हणून?"

"नाही बाळा. सगळ्यांनी सुखरूप राहावं म्हणून."

आम्हीही कान टवकारले. ट्रॅकच्या शर्यती ज्यावर होतात तो वेलोड्रोम लंबगोल असतो. ऑलिंपिकच्या ट्रॅकची एक फेरी २५० मीटरची. वळणांवर तो भिंतीसारखा, चाळीस अंशांहून जास्त कललेला असतो. तिथे सगळे एकाच दिशेने जातात. समोरून ट्रक येत नाही, आडवे कुत्रे येत नाही, खड्डा नसतो. एकामागे एक, हातभर अंतर ठेवून सायकली धावतात. अशात पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर आदळलाच. ब्रेकच नाही, म्हणून कोणी अचानक थांबू शकत नाही. वेग कमी करायचा तर पायाने रोखायचे किंवा वरच्या चढावर सायकल घ्यायची. फेऱ्या मारत हळूहळू थांबायचे.

"आता हा घाट बघ," अण्णा म्हणाले. "इथं यातलं काय आहे?"

मग त्यांनी मुलालाच हिशेब करायला लावला. त्याच्या सायकलला पुढे ४८ दाते, मागे १६. एका फेरीत सुमारे सव्वासहा मीटर. उतारावर ताशी ४५ किलोमीटरचा वेग सहज येतो. म्हणजे पाय मिनिटाला १२० वेळा फिरणार. थांबवता येणार नाहीत, कारण पॅडल चाकाला बांधलेले आहे. पाय निसटला तर फिरते पॅडल नडगीवर बसणार. आणि चेन उतरली तर? मुलगा गप्प झाला. चेन उतरली तर सायकल थांबवायला काहीच उरत नाही.

तरी तो म्हणाला, "अण्णा, मी हळू जाईन."

अण्णांनी शर्टाची कॉलर बाजूला केली आणि गळ्याजवळचे हाड दाखवले. तिथे एक गाठ आहे. तरुणपणी सरावाला घाट उतरताना त्यांच्या सायकलचे ब्रेकचे रबर झिजले होते. चार आण्यांचे रबर. उद्या बदलू, असे म्हणून राहिले होते. "मीसुद्धा हळूच जाणार होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी आपली सायकल उचलली. "चल, आपण दोघं चालत उतरू. मलाही पाय मोकळे करायचेत." आणि खरोखरच, बहात्तर वर्षांचा माणूस आणि वीस वर्षांचा पोरगा आपापली सायकल हाताने धरून सगळा घाट चालत उतरले. आम्ही मागे राहिलो. त्या दिवशी कोणी टायरविषयी बोलले नाही.

पुढच्या रविवारी मुलगा आला तेव्हा पुढच्या चिमट्याला ब्रेक होता. मागेही एक होता. वर घंटीसुद्धा!

उतारावरचे चार धडे तेव्हापासून आम्ही प्रत्येक नवख्याला शिकवतो. दोन्ही ब्रेक वापरा. थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो, पण तो झटक्याने दाबू नका. अंग थोडे मागे सरकवा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. आणि रिमला रबर लागणारे ब्रेक असतील तर पावसात पहिले काही क्षण ते फक्त पाणी पुसतात, हे लक्षात ठेवून लवकर दाबा.

ट्रॅकची हौस वाईट नाही, बरे का! दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इंदिरा गांधी क्रीडासंकुलात वेलोड्रोम उभा राहिला. भारताच्या ट्रॅक सायकलपटूंची एक नवी पिढी तिथेच सराव करून तयार झाली. अंदमान-निकोबारचा एसो अल्बेन, मणिपूरचा रोनाल्डो सिंग आणि त्यांच्या साथीदारांनी २०१९ साली जर्मनीत कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक पटकावले. रोनाल्डोने २०२२ साली दिल्लीतच झालेल्या आशियाई स्पर्धेत वरिष्ठ गटात स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले. बिनब्रेकच्या सायकलीवर कर्तबगारी दाखवायची ती अशा ठिकाणी.

पहिला नंबर नसलेली शर्यत

टपरीवर आणखी एक जमात असते. ही माणसे वेगाविषयी बोलतच नाहीत. ती बोलतात झोपेविषयी, पोह्यांविषयी आणि बॅटरीच्या दिव्यांविषयी. हे ब्रेव्हेवाले. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे. एका हंगामात चारही केले की 'सुपर रँडनर' हा किताब. इथे पहिला नंबर नसतो, बक्षिसाची रक्कम नसते. वेळेत पोहोचला तो जिंकला. आपल्या चाकाचे पंक्चर आपणच काढायचे. रात्री पुढे-मागे दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. ते नसेल तर पुढे जाऊ देत नाहीत.

अशा लांब पल्ल्यातच महाराष्ट्राने नाव काढले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही शर्यत नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांचा संघ करून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ या दोघांनी ती एकट्याने पार केली.

आणि सामान चांगले नाही म्हणून अडले, असे म्हणणाऱ्यांनी आणखी मागे जावे. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर हिंडून १९२८ साली परतले. त्या काळी कार्बनची सायकल नव्हती!

पैसे कुठे घालावेत?

नवी सायकल घेऊ पाहणारे पालक आणि माझ्यासारखे पंचेचाळिशीतले हौशी हाच प्रश्न विचारतात. टपरीवरच्या शहाण्यांचे यावर एकमत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मापाची सायकल. 'वाढत्या अंगाची' म्हणून मुलाला मोठी सायकल घेऊ नका. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून ती आरामात उभी धरता आली पाहिजे.

दुसरे हेल्मेट. ते कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर बसावे. मागे सरकवून टोपीसारखे घालू नये. जोराने आपटलेले हेल्मेट दिसायला चांगले असले तरी बदलावे.

तिसरे दिवे. पुढे पांढरा, मागे लाल. तुम्हाला रस्ता दिसतो एवढ्याने भागत नाही, ट्रकवाल्याला तुम्ही दिसला पाहिजेत.

चौथे छोटा पंप, जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या. पंक्चर काढायला घरीच शिका, रस्त्यात नव्हे.

पाचवे चेनची निगा. आठवड्यातून एकदा फडक्याने पुसा, तेल घाला आणि जादा तेल पुसून टाका. तेलाने माखलेल्या चेनवर धूळ बसते आणि दाते खाते.

महाग चाके आणि क्लिपचे बूट हे सगळे यानंतर. क्लिपचे बूट घालणारा प्रत्येक जण पहिल्यांदा सिग्नलला पाय न सुटून उभ्याउभ्या आडवा होतो. त्याची तयारी ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे काम तर फुकटच होते. सीट दोन इंच वर!

माझी साखर आता आटोक्यात आहे. गुडघा दुखत नाही. बाल्कनी रिकामी झाल्यावर बायको म्हणाली, "आता टॉवेल कुठे वाळत घालू?" मी दोरी बांधून दिली. महिन्याभराने तिने माळ्यावरची आपली कॉलेजातली सायकल खाली काढायला लावली. चाकाला आऊट आला होता, ब्रेकचे रबर दगडासारखे झाले होते. अण्णांनी चाकाचा आऊट काढला, नवे रबर बसवले. मग तिला कठड्याला धरून सीटवर बसायला सांगितले.

"ताई, टाच पॅडलवर ठेवा..."

तुमच्याही घरात अशी एखादी सायकल धूळ खात पडली असेल. येत्या रविवारी ती बाहेर काढा. पण निघण्यापूर्वी आधी ब्रेक पाहा आणि मग सीट!